वाचकांचे प्रश्न : प्रदेश काँग्रेसचे आकडे, अध्यक्ष आणि एबी फॉर्म

प्रश्न : २०२४च्या लोकसभेला महाराष्ट्रात काँग्रेसचे १३ खासदार आले आणि सहा महिन्यांत विधानसभेला जेमतेम १६ आमदार. मतदार इतका फिरला का? (वाचक, सातारा)

उत्तर : फिरला, पण आकडे दाखवतात तेवढा नाही. जिंकलेल्या जागा वाचण्याआधी लढवलेल्या जागा किती होत्या ते बघा. लोकसभेला आघाडीत काँग्रेसच्या वाट्याला १७ जागा आल्या होत्या, त्यातल्या १३ मिळाल्या. (सांगलीचे विशाल पाटील अपक्ष निवडून आले आणि मग पाठिंबा दिला. ते या तेरांत नाहीत.) विधानसभेला पंजा २८८ पैकी १०१ ठिकाणी होता.

आता मागचे निकाल याच रीतीने वाचा. २००९ला १७० लढवून ८२. २०१४ला राष्ट्रवादीशी आघाडी तुटली, २८७ लढवून ४२. २०१९ला १४७ लढवून ४४. नुसतं ४२ आणि ४४ बघितलं तर पक्ष जागच्या जागी राहिला असं वाटतं. प्रत्यक्षात २०१४ला सातांत जेमतेम एक जागा मिळत होती, २०१९ला दहांत तीन मिळाल्या.

मतांच्या टक्केवारीचंही तसंच. काँग्रेसला राज्यात २००९ला २१.०१ टक्के आणि २०२४ला १२.४२ टक्के मतं पडली. ही टक्केवारी सगळ्या २८८ मतदारसंघांच्या मतांवर काढलेली असते, पक्ष जिथे उभाच नव्हता तिथल्याही. म्हणून तिला २८८ने गुणा आणि लढवलेल्या जागांनी भागा. मतदारसंघ सारखे नसल्यामुळे उत्तर ढोबळ येतं, पण कामापुरतं पुरतं. दोन्ही वर्षांचं उत्तर ३५च्या आसपास येईल. म्हणजे पंजा होता तिथे दोन्ही वेळा शंभरातली साधारण ३५ मतं, आणि जागा एकदा ८२, एकदा १६!

फरक समोरच्या बाजूने पडला. २००९ला मनसेने राज्यात पावणेसहा टक्के मतं आणि १३ जागा घेतल्या, त्याचा मार मुख्यतः शिवसेना-भाजप युतीला बसला. तिरंगी लढतीत ३५ टक्क्यांवर आमदार होता येतं. २०२४ला महायुतीतल्या तिन्ही पक्षांची मतं एकमेकांकडे नीट वळली, लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये निवडणुकीआधीच खात्यात पडले होते, आणि विदर्भात तर बहुतेक ठिकाणी भाजपशी सरळ सामना. सरळ सामन्यात ३५ टक्के म्हणजे पराभव. खुद्द प्रदेशाध्यक्ष नाना पटोले साकोलीत २०८ मतांनी वाचले. संगमनेरात बाळासाहेब थोरात आणि कराड दक्षिणेत पृथ्वीराज चव्हाण पडले. या ३५मध्ये मित्रपक्षांची मतंही धरलेली आहेत, एकट्या काँग्रेसचं बळ त्याहून कमी, हे मात्र विसरू नये.

प्रश्न : १९७८च्या विधानसभा निकालाच्या तक्त्यात काँग्रेसचे ६९ आणि ६२ असे दोन आकडे दिसतात. खरा कोणता? (वाचक, लातूर)

उत्तर : दोन्ही. ते दोन वेगळे पक्ष होते. काँग्रेस फुटल्यावर वसंतदादा पाटलांसारखे बहुतेक मराठी पुढारी रेड्डी काँग्रेसमध्ये (इंदिराविरोधी, ब्रह्मानंद रेड्डींच्या गटात) राहिले, त्यांच्या ६९. इंदिरा काँग्रेस नाशिकराव तिरपुड्यांनी लढवली, तिच्या ६२. जनता पक्ष ९९ घेऊन पहिला आला, तरी सरकार दोन्ही काँग्रेसनी मिळून केलं, वसंतदादा मुख्यमंत्री आणि तिरपुडे उपमुख्यमंत्री. जुलैत शरद पवारांनी ते पाडलं आणि त्यांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीचं सरकार आलं. १९८०चे १८६ हे इंदिरा काँग्रेसचे. १९८५च्या १६१मध्येही पवारांच्या समाजवादी काँग्रेसचे ५४ नाहीत, कारण पवार १९८६ अखेर, औरंगाबादेत, काँग्रेसमध्ये परत आले. म्हणून १९७२चे २२२ आणि १९८५चे १६१ शेजारी मांडून ‘घसरण’ म्हणणं चूक आहे. खरी घसरण १९९०ला दिसते. पवार आत असूनही १४१, बहुमताला चार कमी. त्यानंतर पक्षाने शंभरी गाठलेली नाही.

प्रश्न : प्रदेशाध्यक्ष निवडून येतो की नेमला जातो? मुंबई त्याच्या हाताखाली असते का? (वाचक, ठाणे)

उत्तर : पक्षाच्या घटनेत निवडणूक, व्यवहारात नेमणूक. प्रदेश प्रतिनिधी जमतात, निर्णयाचा अधिकार पक्षाध्यक्षांना देण्याचा एका ओळीचा ठराव करतात आणि नाव दिल्लीहून येतं. फेब्रुवारी २०२५मध्ये बुलढाण्याचे माजी आमदार हर्षवर्धन सपकाळ असेच आले. त्यांच्याआधी चार वर्षं पटोले होते. साखर कारखाना किंवा शिक्षणसंस्था मागे नसलेला माणूस या खुर्चीवर क्वचित बसला आहे, म्हणून ही निवड अनेकांना अनपेक्षित वाटली. विधिमंडळ पक्षनेता हे वेगळं पद आहे, ते त्याच वेळी विजय वडेट्टीवारांना मिळालं.

मुंबईची विभागीय काँग्रेस स्वतंत्र आहे. तिचा अध्यक्ष टिळक भवनातून (प्रदेश काँग्रेसच्या मुख्यालयातून) नेमला जात नाही.

प्रश्न : एबी फॉर्म एकाला दिल्यावर पक्ष दुसऱ्याला देऊ शकतो का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : देऊ शकतो, पण अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ वाजेपर्यंतच. उमेदवाराला पक्षाचं चिन्ह या दोन फॉर्मवर मिळतं. ए फॉर्म सांगतो की पक्षातर्फे सही कोण करणार. बी फॉर्मवर उमेदवाराचं नाव असतं. दोन्ही मूळ प्रती लागतात, सही शाईची. झेरॉक्स किंवा शिक्का चालत नाही. उमेदवार बदलला तर नव्या बी फॉर्मवर ‘आधीचा रद्द’ असं स्पष्ट लिहावं लागतं. ते राहिलं आणि दोघांचे बी फॉर्म पोचले, तर ज्याचा उमेदवारी अर्ज आधी दाखल झाला त्याला चिन्ह मिळतं. घाईत नेमकी हीच ओळ सुटते.

बी फॉर्मवर पर्यायी उमेदवाराचाही रकाना असतो. मुख्य उमेदवाराचा अर्ज बाद झाला किंवा त्याने माघार घेतली तर चिन्ह पर्यायी उमेदवाराकडे जातं. अडचण अशी की मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक (अर्जावर त्याचं नाव सुचवणारा मतदार) पुरतो म्हणून पर्यायीही एकाच सूचकावर अर्ज भरतो. छाननीत मुख्य अर्ज वैध ठरला की त्याचा बाद होतो, मग माघारीच्या वेळी मागे कुणीच उरत नाही. त्याने अपक्षासारखे दहा सूचक घ्यावेत.

तुमच्याच कोल्हापूर उत्तरमध्ये २०२४ला काय झालं ते बघा. काँग्रेसची उमेदवारी आधी राजेश लाटकरांना, मग बदलून मधुरिमाराजे छत्रपतींना. लाटकरांनी अपक्ष अर्ज ठेवला. ४ नोव्हेंबरला माघारीची मुदत संपता संपता मधुरिमाराजेंनीच अर्ज काढून घेतला. बी फॉर्मची मुदत २९ ऑक्टोबरलाच सरली होती, त्यामुळे लाटकरांना पाठिंबा देता आला, पंजा देता आला नाही.