एजंटाला नाही, बँकेला फोन करा

या वेळच्या पत्रांतही तेच. बहुतेक पत्रांची सुरुवात ‘कुणीतरी सांगितलं की...’ अशी. हे ‘कुणीतरी’ हप्ता भरायला येत नाहीत, एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा. उत्तरं सर्वसाधारण आहेत. करारपत्र पाहिल्याशिवाय कुणालाही ठाम सल्ला देता येत नाही, मलाही नाही.

बोनसचे साठ हजार आलेत. गृहकर्जात भरू की क्रेडिट कार्डाच्या थकबाकीत? (ठाणे)

कार्डात. आजच.

कार्डावर ८०,००० बाकी आहे. दर महिन्याला ‘मिनिमम ड्यू’ न चुकता भरतो, तरी बाकी हलत नाही. मित्र म्हणतो, मिनिमम भरलं की व्याज लागत नाही. (नाशिक)

मित्र चूक आहे. मिनिमम भरल्यानं लेट फी वाचते आणि खातं थकीत दिसत नाही, बस्स. व्याज उरलेल्या रकमेवर लागतंच. शिवाय बाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. किराणा जरी कार्डावर घेतलात तरी त्याच दिवसापासून मीटर सुरू.

तुमचेच आकडे घेऊ. महिना साडेतीन टक्के दरानं ८०,००० वर व्याज २,८००. त्यावर १८ टक्के जीएसटी, ५०४. झाले ३,३०४. तुम्ही ४,००० भरलेत, तर मुद्दलातून गेले फक्त ६९६. बाकी हलणार कशी?

हेच ८०,००० चौदा टक्क्यांच्या पर्सनल लोनमध्ये दोन वर्षांसाठी वळवले, तर हप्ता साधारण ३,८४० येतो. म्हणजे आज भरताय त्याहून कमी, आणि चोवीस महिन्यांत विषय संपतो. पण अट एकच: कार्ड बंद करायचं. नाहीतर वर्षभरात लोनही असेल आणि कार्डही पुन्हा भरलेलं असेल. हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता कुणी ‘फक्त इमर्जन्सीसाठी ठेवतो’ म्हणालं की मी वाद घालत नाही. आधी पगार जमा होतो त्या बँकेत विचारा आणि प्रोसेसिंग फी धरून हिशोब करा.

बाईकसाठी शोरूमवाला ‘दहा टक्के फ्लॅट’ म्हणतो, बँक चौदा टक्के. दहा स्वस्त ना? (लातूर)

नाही. फ्लॅट म्हणजे शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण मुद्दलावर व्याज, मुद्दल निम्मं फिटलं असलं तरी. एक लाख, तीन वर्षं, दहा टक्के फ्लॅट म्हणजे प्रत्यक्षात जवळपास अठरा टक्के. कर्ज देणाऱ्यानं सही घेण्याआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यायचं असतं, आणि त्यात एपीआर म्हणजे सगळे खर्च धरून वर्षाचा दर लिहायचा असतो. ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांच्या सगळ्या नव्या किरकोळ (रिटेल) मुदत कर्जांना हे लागू आहे. शोरूममधला पोरगा ‘ते नंतर मेलवर येईल’ म्हणाला, तर सहीही नंतरच करा.

तीन पर्सनल लोन, दोन कार्डं, मिळून अकरा लाख. पगार ५८,०००. एका कंपनीनं सांगितलं, सगळे ईएमआय बंद करा, आमच्याकडे महिना बारा हजार जमा करा, वर्षभरात निम्म्यात सेटल करून देतो. मोबाइलवर त्यांचे व्हिडिओ खूप येतात. करार पाठवलाय. (चिंचवड)

करार वाचला. पान चारवरचं बारीक अक्षरातलं कलम तुम्ही वाचलेलं दिसत नाही. पहिल्या तीन महिन्यांची जमा ही ‘नोंदणी व सल्ला शुल्क’, कोणत्याही कारणानं परत मिळणार नाही. म्हणजे छत्तीस हजार त्यांचे, बँकेला एक रुपया नाही. त्याखालचं कलम त्याहून बोलकं आहे: ‘सेटलमेंट मंजूर करण्याचा अधिकार सर्वस्वी बँकेचा असून कंपनी निकालाची हमी देत नाही.’ मग ते बारा हजार कशाचे?

या धंद्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आठवड्याला असं एक तरी पत्र येतंच.

हप्ता थांबला की काय होतं ते क्रमानं बघा. पहिल्याच महिन्यात ऑटो-डेबिट परत जातं, बँकेचा बाउन्स चार्ज आणि कर्ज देणाऱ्याचा दंड लागतो. नव्वद दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या हिशोबी अनुत्पादक कर्ज. याच काळात क्रेडिट रिपोर्टमध्ये थकबाकीची नोंद महिन्याच्या महिन्याला चढत जाते. पर्सनल लोन बुडवल्याबद्दल तुरुंग होत नाही, तो दिवाणी मामला आहे, हे त्या व्हिडिओत सांगतात ते खरंच आहे. पण अर्धंच. चेक परत गेला तर परक्राम्य संलेख कायद्याचं कलम १३८ लागतं. ऑटो-डेबिटसाठी २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम २५ आहे. दोन्हींत दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दुप्पट रकमेपर्यंत दंड होऊ शकतो. रकमेची मागणी करणारी नोटीस आली की पैसे भरायला पंधरा दिवस मिळतात. ‘नोटिसांकडे दुर्लक्ष करा, आमचे वकील बघतील’ या सल्ल्यापायी ते पंधरा दिवस हातचे जातात.

आता सेटलमेंटबद्दल. ती बेकायदा नाही. रिझर्व्ह बँकेनं जून २०२३ मध्ये तडजोडीची चौकट ठरवून दिली आहे आणि प्रत्येक बँकेचं त्याबाबत आपलं धोरण असतं. पण तो कर्जदाराचा हक्क नाही, आणि त्यासाठी दलाल तर अजिबात लागत नाही. तुम्ही स्वतः अर्ज करू शकता. मंजूर झाली तर बँकेच्या लेटरहेडवर रक्कम, तारीख आणि कर्ज खात्याचा नंबर असलेलं पत्र घ्या, पैसे फक्त त्या कर्ज खात्यात भरा आणि नंतर नो-ड्यूज, म्हणजे काही बाकी नसल्याचा दाखला घ्या. फोनवरच्या माणसाच्या यूपीआयवर एक रुपयाही नाही. रिपोर्टमध्ये ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि तो वर्षानुवर्षं राहतो. पुढे मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेलात की शाखेतला माणूस पहिलं तेच वाचतो.

पगार चालू असलेल्या माणसानं सेटलमेंटपासून सुरुवात करायची नसते. नोकरी गेली, मोठं आजारपण आलं, उत्पन्नच उरलं नाही, तेव्हाचा तो शेवटचा रस्ता आहे.

तुम्ही काय करायचं? एका कागदावर पाचही कर्जं मांडा: बाकी, दर, हप्ता, उरलेले महिने. मग हप्ता थकण्यापूर्वी प्रत्येक बँकेकडे लेखी अर्ज करा की उत्पन्नाच्या मानानं हप्ते झेपत नाहीत, मुदत वाढवून द्या किंवा कर्जाची पुनर्रचना करा. पगाराची स्लिप जोडा. पोच घ्या. हप्ते नियमित असताना तुमच्या शब्दाला वजन असतं. एनपीए झाल्यावर तुमची फाइल वसुली खात्यात जाते आणि तिथे बोलणी वेगळ्या सुरात होतात. सगळ्यांचे किमान हप्ते चालू ठेवून हाताशी उरेल ते सर्वाधिक दराच्या कर्जात घाला. सर्वात लहान कर्ज आधी फेडलं की उमेद येते असं म्हणतात. पाच-दहा हजारांचं असेल तर जरूर फेडा. त्यापलीकडे उमेदीची किंमत व्याजात मोजावी लागते.

मदत हवी तर फुकट मिळणाऱ्या जागा आहेत. जिल्ह्याच्या अग्रणी (लीड) बँकेचं आर्थिक साक्षरता केंद्र विचारा. प्रकरण कोर्टात गेलंच असेल तर लोकअदालतीत तडजोड होऊ शकते. विधी सेवा प्राधिकरणाची राष्ट्रीय हेल्पलाइन १५१०० आहे, आणि महिलांना तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. हा करार घेऊन एखाद्या वकिलाकडेही जा. एकदाची फी बारा हजारांच्या हप्त्यापेक्षा कमीच पडेल.

मेहुण्याला पतसंस्थेत जामीन राहिलो. तो म्हणाला, ‘दाजी, फक्त सही.’ आता त्यानं हप्ते सोडलेत आणि मला सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीच्या चौकशीची नोटीस आलीय. आधी त्याच्याकडून वसूल करायला नको का? (सांगली)

नको. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, हे १८७२ च्या करार कायद्यापासून चालत आलंय. संस्था थेट तुमच्याकडे येऊ शकते.

नोटीस हातात आहे म्हणजे अजून वेळ गेलेली नाही. निबंधकांपुढच्या सुनावणीला हजर राहा आणि लेखी म्हणणं द्या: किती हप्ते आले, व्याज कसं लावलं, कागदावरची सही तुमचीच आहे का. खाते-उतारा मागा. ‘नातेवाइकांतलं प्रकरण आहे, मिटेल’ म्हणून लोक गैरहजर राहतात, आणि एकदा वसुली दाखला निघाला की त्याविरुद्ध पुनरीक्षणाला, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडे फेरतपासणीला जाण्यासाठी वसुलीच्या रकमेतले पन्नास टक्के आधी भरावे लागतात. तुम्ही पैसे भरलेत तर ते मेहुण्याकडून वसूल करायचा कायदेशीर हक्क तुम्हाला आहे, त्यामुळे पावत्या जपा. सुनावणीआधी सहकार कायदा जाणणाऱ्या वकिलाला भेटा. बायकोची नाराजी हा माझा विषय नाही.

शेतीसाठी गावातल्या सावकाराकडून शेकडा पाचनं दोन लाख घेतले. तीन वर्षांत मुद्दलाहून जास्त व्याज दिलं. त्यानं अर्धा एकर खरेदीखत करून घेतलीय. म्हणतो, कायदेशीर व्यवहार आहे. (बीड जिल्हा)

शेकडा पाच महिन्याला, म्हणजे वर्षाला साठ टक्के. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ खाली शेतकऱ्याला तारणी कर्जासाठी वर्षाला नऊ आणि विनातारण बारा टक्के ही मर्यादा ठरवलेली आहे, तीही परवानाधारक सावकारासाठी. परवाना नसेल तर तो धंदाच गुन्हा, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुद्दलाहून जास्त व्याज वसूल करता येत नाही.

जमिनीचं खरेदीखत झालं म्हणजे सगळं संपलं असं नाही. सावकारीपोटी गेलेल्या जमिनीबाबत कलम १८ खाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे अर्ज करता येतो. अर्जाच्या आधीच्या पंधरा वर्षांतले व्यवहार तपासून ते जमीन परत देण्याचा आदेश देऊ शकतात. पण व्यवहार सावकारीचाच होता हे दिसलं पाहिजे. त्यासाठी व्याज दिल्याच्या चिठ्ठ्या, फोनपेच्या नोंदी, त्या वेळचा बाजारभाव आणि साक्षीदार गोळा करा. तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात आधी परवान्याची चौकशी करा. त्याच्याशी एकट्यानं बोलायला जाऊ नका.

ॲपवरून आठ हजार घेतले. आता ते माझ्या फोनमधल्या सगळ्यांना मेसेज करतायत, फोटो बदलून पाठवायची धमकी देतायत. (पनवेल)

सायबर हेल्पलाइन १९३० ला फोन करा, सायबर पोलिसांकडे तक्रार द्या, स्क्रीनशॉट ठेवा. हे बोलून मिटवायचं प्रकरण नाही, आणि ते थांबवायला दुसऱ्या ॲपवरून कर्ज घेणं हा तर आगीतून फुफाट्यात जायचा प्रकार. अधिकृत ॲपला संपर्कयादी किंवा गॅलरी बघायची परवानगीच नसते, आणि वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर करता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर कर्ज देणाऱ्या ॲपची यादी आहे. पुढच्या वेळी आधी ती बघा. खरं तर पुढची वेळ येऊच देऊ नका.

मिस्टर मार्चमध्ये वारले. त्यांच्या पर्सनल लोनचे चार लाख बाकी आहेत. वसुलीवाला म्हणतो, बायको म्हणून तुम्हालाच भरावे लागतील, या फॉर्मवर सही करा. (नागपूर)

सही करू नका, ताई. तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार नसाल, तर त्यांच्याकडून तुम्हाला वारसानं जे मिळालं तेवढ्यापुरतीच जबाबदारी येते. तुमच्या पगारातून, तुमच्या नावावरच्या पैशातून नाही. मंजुरीपत्र मागवा आणि कर्ज देताना विम्याचा हप्ता कापला होता का ते पाहा. पुष्कळदा कापलेला असतो आणि घरच्यांना पत्ता नसतो. विमा निघाला तर बँकेमार्फत आणि थेट कंपनीकडेही दावा करा. मृत्यूच्या दाखल्यासह बँकेला लेखी कळवा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा त्रास थांबला नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. माहितीसाठी १४४४८. मिस्टरांच्या नावावर घर किंवा शेती असेल तर मात्र वकिलाला आधी भेटा.

कार्डाची बाकी फेडायला दागिने मोडू की गहाण ठेवू? सासूबाई म्हणतात, सोनं मोडणं अशुभ. (सातारा)

सासूबाईंशी मी बोलणार नाही. सोडवून आणायची तारीख आणि त्या तारखेला पैसे कुठून येणार, हे दोन्ही आज लिहून देता येत असेल तर गहाण ठेवा. बँकेतलं सोनेतारण कार्डाच्या व्याजापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. नसेल येत, तर एखादा डाग विका. दरवर्षी नुसतं व्याज भरून नूतनीकरण करत राहणारे लोक शेवटी लिलावाच्या नोटिशीपर्यंत जातात, आणि भाव चढा असताना विकायची संधीही गमावतात. दोन-तीन बँकांत दर विचारा. पावतीवर एकूण वजन, खडे-मीना वजा करून निव्वळ वजन आणि कॅरट हे तिन्ही लिहून घ्या, आणि नोटीस येईल तो पत्ता आणि मोबाइल नंबर सध्याचाच आहे ना, ते तिथेच तपासा.