आजीच्या घरचा चहा

अचलपूर तालुक्यातल्या एका खेड्यातून ताईंनी लिहिलं आहे: "शेजारच्या आजींच्या पायाला शुगरमुळे जखम झाली. घरचे सगळे वावरात जातात, म्हणून तीन महिने रोज सकाळी मी ड्रेसिंग करते. मी ख्रिस्ती आहे. प्रभूची सेवा म्हणून जाते, कसलीच अपेक्षा नाही. त्यांनी तुरीची डाळ दिली, ती मी परत केली. चहासुद्धा घेत नाही. आता सून तुटक बोलते. गावात कोणी म्हणतं, 'धर्मात ओढायला जाते.' परवा आजीच म्हणाल्या, 'माह्या घरचा चहा तुले चालत नाही काय वं?' माझं चुकलं कुठे? जाणं बंद करू का?"

प्रिय ताई,

जाणं बंद करू नका. वास मारणारी पट्टी रोज सकाळी सोडायला किती धीर लागतो, ते ज्याने केलंय त्यालाच कळतं.

पण आजींचा तो प्रश्न नीट ऐका. आपल्याकडच्या खेड्यात कोण कोणाच्या घरचं पाणी पितो, याला पिढ्यान्‌पिढ्यांचा अर्थ आहे. तुम्ही कप बाजूला सारता तो निःस्वार्थ राहावं म्हणून. आजींना मात्र त्यात जुनाच विटाळ दिसला असेल. शोमरोनातल्या विहिरीवर येशूने काय केलं, आठवा. येशू यहुदी, आणि यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. तरी त्याने पाणी भरायला आलेल्या शोमरोनी बाईशी बोलायला सुरुवात केली तीच पाणी मागून. शिष्यांना गावोगाव पाठवतानाही त्याने बजावलं होतं की ज्या घरी उतराल तिथे जे देतील ते खा-प्या.

मला हे उशिरा कळलं. माझं मांडीचं हाड मोडलं होतं, तेव्हा शेजारीण दीड महिना माझी वेणीफणी करायची, बादली आणून खाटेवरच केस धुऊन द्यायची. बरी झाल्यावर मी तिच्यासाठी साडी घेतली. "एवढ्याचं काय," म्हणत तिने ती परत केली. साडी अजून माझ्या कपाटात आहे. बाई सोन्यासारखी, पण तिच्यासमोर मी आजही जरा अवघडूनच बसते. घेणाऱ्याला काहीच देऊ दिलं नाही की त्याच्यावर ओझं राहतं, ताई.

येशूने शिष्यांचे पाय धुतले, तो प्रसंग तुम्ही कितीदा वाचला असेल. प्रभू कमरेला रुमाल बांधून उठतो तिथे आपण गहिवरतो, आणि पेत्र या शिष्याजवळून पुढे सरकतो. पेत्र म्हणतो, माझे पाय तुम्ही धुवायचे नाहीत. प्रभूने ते चालवून घेतलं नाही. दुसऱ्याचं घेणंही शिष्याला शिकावं लागतं. मला वाटतं, तुमचं अडलंय ते इथेच.

गावातल्या बोलण्याचं सांगते. आजींच्या खाटेशी मोठ्याने प्रार्थना करत असाल तर थांबवा. ज्याचा पाय आपल्या हातात आहे, त्याला 'नको' म्हणता येत नाही. घरी करा, मनात करा. त्यांनी आपणहून विचारलं, 'का येतेस वं?' तर लपवू नका. पेत्रानेच पुढे बायबलातल्या आपल्या पहिल्या पत्रात लिहिलंय की आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्या, पण सौम्यतेने आणि आदराने.

जखमेबद्दलही. शुगरमध्ये पाय बधिर होतो, चटका कळत नाही. म्हणून धुवायचं पाणी आधी आपल्या कोपराने तपासा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, अंगणातसुद्धा त्यांना अनवाणी फिरू देऊ नका. कडा काळी पडली, वास वाढला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी अचलपूरचं उपजिल्हा रुग्णालय गाठा. कोठाऱ्याचं कुष्ठरोगाचं मिशन रुग्णालय तुमच्या जवळच आहे. बधिर पायांच्या जखमा हे तिथलं जुनं काम, तिथेही विचारून पाहा.

आणि सूनबाई. परक्या बाईने आपल्या सासूचं करावं आणि गावाने ते बघावं, हे तिला लागत असणार. उद्या ती वावरात जायच्या आत, थोडं लवकर जा. तिने चहा दिला तर तिच्याच घरच्या कपात, तिच्याजवळ बसून प्या. मग तिला म्हणा, "आज पट्टी तू बांध, मी पाय धरते."