इंग्लंडमध्ये घराच्या बॉयलरसाठी कव्हर (म्हणजे दरमहा हप्ता भरून घेतलेला दुरुस्तीचा विमा) घ्यावं का?

भाड्याने राहत असाल तर अजिबात नको. १९८५च्या लँडलॉर्ड अँड टेनंट कायद्यानुसार हीटिंग आणि गरम पाणी चालू ठेवणं घरमालकाचं काम आहे.

स्वतःचं घर असेल तर आधी वॉरंटी बघा. नव्या बॉयलरला बऱ्याचदा पाच ते दहा वर्षांची असते, पण दरवर्षी सर्व्हिसिंग केलं नाही तर ती हातची जाते.

वॉरंटी संपल्यावर खरा प्रश्न. महिना २० पौंड धरले तरी वर्षाचे २४० होतात. मी तर तेवढे बाजूला टाकेन आणि गॅस सेफ (गॅसचं काम करणाऱ्यांची अधिकृत यादी) नोंदणीचा माणूस बोलावेन. जुन्या बॉयलरला कव्हर घ्यावंसं वाटतं खरं, पण आधीचा बिघाड, पाइपांतला गाळ, क्षार हे सगळं बहुतेकदा वगळलेलं असतं; वर दर खेपेचा एक्सेस, म्हणजे आपण खिशातून भरायचा वाटा, वेगळा. घरात तान्हं बाळ किंवा वयस्कर आईवडील असतील आणि ऐन जानेवारीत एकरकमी खर्च झेपणार नसेल, तर घ्या, बारीक अक्षरं वाचून.

गॅसगळतीच्या धास्तीने मात्र घेऊ नका. ०८०० १११ ९९९ या गॅसच्या आपत्कालीन नंबरवर फोन केला की गळती फुकट थांबवून देतात. बॉयलर दुरुस्ती तेवढी तुमची.