चार जुन्या डिस्क आणि साडेचौदा हजारांचा डबा

कऱ्हाडहून एका फोटो स्टुडिओवाल्यांचं पत्र आलंय. लग्नाची कामं करतात, सोळा-सतरा वर्षांचा व्यवसाय आहे. स्टुडिओतला जुना डेस्कटॉप बंद पडला, मदरबोर्ड गेला. आता लॅपटॉपवर काम चालतं, पण जुन्या कामाच्या चार हार्ड डिस्क पेटीत पडून आहेत. डेस्कटॉपच्या दोन, 1 टीबी (2016) आणि 500 जीबी (2012). जुन्या लॅपटॉपमधली एक, 320 जीबी (2011). आणि एक 80 जीबीची, 2006 ची, रुंद पट्ट्याच्या केबलवाली. दुकानदाराने चारही डिस्क एकत्र बसतील असं फोर-बे एन्क्लोजर सुचवलंय, ₹14,500 ला. सहा महिन्यांचा ‘नो-कॉस्ट’ हप्ता होईल म्हणतो. दुसरा मार्ग म्हणून हे गृहस्थ नव्या कॅमेऱ्यासाठी चालवलेली महिना ₹2,000 ची आरडी मोडायला निघालेत. ₹1,000 बयाणाही देऊन आलेत. प्रश्न असा: ‘घेऊ का? हप्त्यावर घेऊ की आरडी मोडू?’

नमस्कार. हप्ता की आरडी, हे नंतर बघू. आधी त्या डब्यात काय ठेवणार आहात ते बघू, कारण पत्रातलं निम्मं उत्तर तुम्हीच लिहून पाठवलंय.

चार डिस्कची बेरीज करा. कंपनीच्या लेबलाप्रमाणे 1.9 टीबी. विंडोज ते आकडे जरा कमी दाखवतं, 1 टीबीला 931 जीबी वगैरे. त्या हिशेबाने चारही डिस्क काठोकाठ भरलेल्या असल्या तरी एकूण साधारण 1,769 जीबी होतात, आणि नवी 2 टीबीची पोर्टेबल ड्राइव्ह विंडोजमध्ये 1,862 जीबी दिसते. म्हणजे सगळं सामान तळहाताएवढ्या एका ड्राइव्हमध्ये बसून वर थोडी जागा उरते. तिचा भाव तुमच्याच पत्रात आहे, ₹6,800. मग साडेचौदा हजार कशाचे? दहा-पंधरा वर्षं राबलेल्या डिस्कना राहायला घर बांधण्याचे. म्हाताऱ्या बैलांसाठी नवा गोठा, तोही संगमरवरी.

त्यातही गंमत अशी की त्या गोठ्यात चौथा बैल शिरतच नाही. तुम्ही वर्णन केलेली 80 जीबीची डिस्क आयडीई आहे, म्हणजे जुन्या पद्धतीची, चाळीस पिनांचं कनेक्शन. हल्लीचे फोर-बे डबे फक्त साटा डिस्क घेतात. साटाची ओळख सोपी: शेजारी शेजारी दोन चपट्या खाचा, एक 7 पिनांची डेटाची आणि दुसरी 15 पिनांची विजेची. लॅपटॉपची 2.5 इंची आणि डेस्कटॉपची 3.5 इंची, दोन्हींना हे कनेक्शन एकच असतं. म्हणून तुमची 320 जीबीची ट्रेवर स्क्रूने बसेल. 80 वाली बसणार नाही. दुकानदाराने डिस्क बघितल्या होत्या का? पत्रावरून वाटतं, तुम्ही ‘चार डिस्क’ म्हणालात आणि त्याने चार कप्प्यांचा डबा काढून ठेवला.

दुसरी गोष्ट पैशांहून गंभीर आहे. ‘यात रेड आहे, एक डिस्क गेली तरी डेटा जात नाही,’ असं त्याने सांगितल्याचं तुम्ही लिहिलंय. रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून त्यांच्यात डेटा वाटून ठेवणं. ही सोय कोऱ्या डिस्क घेऊन, नव्याने सुरुवात करणाऱ्यासाठी असते. तुमच्या भरलेल्या डिस्क त्यात घालून रेड चालू केलंत, तर मांडणीच्या पहिल्याच पायरीला त्यावरचं सगळं पुसलं जातं. शिवाय वेगवेगळ्या मापाच्या डिस्क असल्या की हिशेब सगळ्यात लहान डिस्कवर होतो. तुमच्या तीन साटा डिस्कचं रेड 5 (एका डिस्कएवढी जागा राखीव ठेवणारा प्रकार) केलं तर 320 च्या मापाने दोन हिस्से, म्हणजे 640 जीबी हाती लागतात. तिन्हींचे मिळून 1,820 जीबी देऊन 640 घ्यायचे, आणि तेही रिकामे. रेडशिवाय, प्रत्येक डिस्क वेगळी दिसेल अशा पद्धतीने तो डबा वापरता येतो, पण मग तो साडेचौदा हजारांचा खाचांचा स्टँड झाला.

मुळात तुम्हाला त्या डिस्क वापरायच्या नाहीत. त्यातलं सामान बाहेर काढायचंय. एकदाच. हे दोन खर्च निराळे आहेत आणि दुकानात ते नेहमी एका बिलात येतात. एकदा लागणाऱ्या अवजारावर कमीत कमी पैसे घालावेत आणि रोज जिथे माल राहणार तिथे चांगले घालावेत.

अवजार म्हणजे एका खाचेचा डॉक. टोस्टरसारखा दिसतो, डिस्क वरून उभी खोचायची. 2.5 आणि 3.5 दोन्ही साटा डिस्क चालतात. तुमच्या पत्रात त्याचा भाव ₹1,900 दिलाय आणि ‘स्वस्तातला आहे म्हणून नको वाटतो’ असंही लिहिलंय. नको वाटायचं काही कारण नाही. फक्त तीन गोष्टी दुकानातच बघून घ्या. 12 व्होल्टचा ॲडॅप्टर सोबत हवा, साधारण 2 अँपिअरचा. लॅपटॉपची लहान डिस्क यूएसबीच्या 5 व्होल्टवर चालते, डेस्कटॉपच्या मोठ्या डिस्कची मोटर त्यावर फिरत नाही. यूएसबी 3.0 हवं आणि लॅपटॉपच्याही त्याच खाचेत लावा, बहुतेक वेळा ती आतून निळी असते. यूएसबी 2.0 वर सेकंदाला तीसेक एमबी मिळतात. त्या गतीने 1.9 टीबी काढायला साडेसतरा तास लागतील. 3.0 वर जुन्या डिस्कनी 70 एमबी दिली तरी काम साडेसात तासांत होतं, म्हणजे दोन संध्याकाळी. तिसरं, दोन खाचांचा आणि ‘क्लोन’चं बटण असलेला डॉक घेऊ नका. त्यात डिस्क उलटसुलट खोचून बटण दाबलं की रिकामी डिस्क भरलेलीवर उतरते. वर त्या सोयीचे सात-आठशे रुपये जास्तही द्यावे लागतात.

एखादीच लॅपटॉपची डिस्क असती तर मी डॉकऐवजी साधं 2.5 इंची केसिंग घ्यायला सांगितलं असतं. तिथे एक बारीक माप लोक विसरतात, ते जाडीचं. लॅपटॉपच्या डिस्क 7 मिमी, 9.5 मिमी आणि काही 12.5 मिमीच्याही असतात. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी पुण्याच्या तपकीर गल्लीतून अडीचशे रुपये वाचवून एक केसिंग आणलं. माझी डिस्क 12.5 ची आणि केसिंग 9.5 चं, झाकण काही लागेना. बदलायला परत कोण जाणार, म्हणून वहीला लावतात तसलं रबर लावलं. दोन महिने चाललं. एक दिवस केबलला पाय अडकला, केसिंग टेबलावरून खाली आलं आणि डिस्क रबरातून सुटून फरशीवर. नंतर ती लावली की टक्-टक् आवाज यायचा, बाकी काही नाही. डेटा काढून देणाऱ्याने पाच आकडी रक्कम सांगितली. इतरांना विमा विकत घ्यायला सांगणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या ग्राहकांच्या फायली त्यात होत्या, आणि दुसरी प्रत नव्हती.

म्हणून आता तुमचा माल कुठे राहणार ते बघू. ₹6,800 ची 2 टीबी ड्राइव्ह घ्या आणि चारही डिस्कचा माल तिच्यावर उतरवा. जुन्या डिस्क मात्र फेकू नका, पुसूही नका. उतरवून झालं की त्याच तुमची दुसरी प्रत. प्लॅस्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, स्टुडिओत नाही तर घरी ठेवा. एका शॉर्टसर्किटमध्ये किंवा एका पुरात दोन्ही प्रती जाऊ नयेत. कृष्णा-कोयनेच्या संगमावर राहणाऱ्याला पुराचं मी काय सांगणार. नुसत्या पडून असलेल्या डिस्कवर फार भरवसा ठेवू नये हे खरं, पण वर्षभराची सोय म्हणून फुकटात मिळालेली दुसरी प्रत वाईट नाही. बॅकब्लेझ ही अमेरिकेतली साठवणूक कंपनी 2013 पासून आपल्या हजारो डिस्कच्या बिघाडाचे आकडे जाहीर करते. एकूण प्रमाण वर्षाला शंभरात एक-दोन असं असतं आणि वय वाढलं की वाढतं. त्या डिस्क वातानुकूलित खोलीत असतात. तुमच्या पत्र्याच्या पेटीत होत्या.

त्या 80 जीबीसाठी वेगळी आयडीईची वायर विकत घेऊ नका. गावातलाच दुसरा दुरुस्तीवाला ₹500 मध्ये कॉपी करून देतो असं तुम्ही लिहिलंय, त्याला द्या. डिस्क तिथे सोडून येऊ नका, समोर बसून काढून घ्या. ग्राहकांच्या घरच्या लग्नाचे फोटो आहेत ते.

बेरीज: 1,900 अधिक 6,800 अधिक 500, म्हणजे ₹9,200. साडेचौदा हजारांतून ₹5,300 उरले. त्यातले साधारण ₹1,300 गूगलच्या 100 जीबीच्या वार्षिक प्लॅनवर घाला, दर घेताना बघून घ्या. त्यात रॉ फायली, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ अवजड फायली, नाही टाकायच्या. प्रत्येक लग्नाचे निवडक, आल्बमला गेलेले फोटो टाकायचे. गेल्या वर्षी जुन्या लग्नांच्या जादा प्रती आणि फ्रेममधून ₹11,000 आले असं तुम्ही सहज लिहून गेलात. मला पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ते वाटलं. पैसे डिस्क कमवत नाही, ते निवडक फोटो कमवतात, आणि ते शंभर जीबीत बसतील. उरलेले चार हजार बाजूला ठेवा, पुढच्या वर्षी दुसरी 2 टीबी घेताना लागतील. तेव्हा म्हाताऱ्या डिस्कना खरोखर निवृत्त करा.

आता हप्ता. ‘नो-कॉस्ट’मध्ये व्याज सवलतीच्या रूपाने परत दिल्यासारखं दाखवतात, पण त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच माथी. 16 टक्क्यांचा दर आणि ₹199 फी धरली तर ₹14,500 वर सहा महिन्यांत साधारण साडेतीनशे रुपये जातात. रक्कम मोठी नाही. पण रोखीने घेतलं तर मिळणारी घासाघीस हप्त्यात मिळत नाही, आणि वस्तू परत केली तरी फी परत येत नाही. आरडी तर मोडूच नका. मुदतीआधी मोडली की व्याजदर कमी लागतो, वर दंड. ती कॅमेऱ्यासाठी आहे आणि तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू झाला की कॅमेराच पैसे आणणार आहे. ₹9,200 तुमच्या चालू खात्यातून निघतात, तिथे किती आहेत ते तुम्हीच लिहिलंय.

‘कॉम्प्युटरच्या सामानावर 40 टक्के घसारा मिळतो, मग डबा स्वस्तच पडेल,’ असं मित्राने सांगितलंय. दर बरोबर आहे. पण तुम्ही अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत (उलाढालीच्या ठरलेल्या टक्क्याला नफा धरतात ती) विवरणपत्र भरता, तिथे घसारा त्या ठरलेल्या नफ्यातच धरलेला असतो, वेगळा मागता येत नाही. हिशेबाच्या वह्या ठेवल्या असत्या तरी तुमचं सहा लाखांच्या आसपासचं उत्पन्न नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या सवलतीत बसतं, कर शून्यच. शून्यातून वाचवणार काय? जीएसटीची नोंदणीही नाही, उलाढाल 20 लाखांच्या आत आहे, त्यामुळे डब्याच्या किमतीतले ₹2,212 जीएसटीचे म्हणून गेले ते गेले.

कॉपी करताना एवढं सांभाळा. डिस्क लावल्यावर ‘फॉरमॅट करायची आहे’ अशी पाटी आली तर रद्द करा, हो म्हणू नका. आधी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक डिस्कची तब्येत बघा. पिवळं दिसेल ती डिस्क पहिल्यांदा रिकामी करा, आणि तिच्यातलंही आधी आल्बमचं फोल्डर. एखादी टक्-टक् करायला लागली तर लगेच काढून ठेवा, पुन्हा पुन्हा लावून बघू नका.

यापुढच्या ऑर्डरच्या कागदावर एक ओळ घाला: फोटो दोन वर्षं सांभाळू, पुढे हवे असतील तर वर्षाला ₹300. लोक देतात. आज तुम्ही सोळा वर्षांचा माल फुकट सांभाळताय आणि त्याचं भाडं स्वतःच्या आरडीतून द्यायला निघालाय.

बयाण्याचं राहिलं. ते हजार रुपये गेले असं समजून साडेतेरा हजार आणखी घालू नका. दुकानदाराला 80 जीबीची डिस्क नेऊन दाखवा आणि विचारा, ही तुमच्या डब्यात लावून दाखवा. लागणार नाही. मग बयाणा परत मागा. तो का-कू करायला लागला तर डॉक त्याच्याकडूनच घ्या, हजार त्यात वळते करा आणि वर नऊशे द्या.