लग्न मे महिन्यात जळगावला आहे, डाएट चालू आहे. घागरा-ब्लाऊजचं माप कधी द्यावं?

माप आत्ताच द्या, पण पक्की शिलाई लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी घालून घ्या. वजन आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक किलो उतरू द्या. शेवटचे पंधरा दिवस आहे तिथे थांबवा. दोन्ही बाजूंना आत दीड-दीड इंच कापड ठेवायला टेलरला सांगा. बाजू दाबणं सोपं असतं, खरी अडचण मुंढ्यात (बाही जोडतात त्या घेरात) आणि खांद्यावर येते. नुसत्या बाजू दाबल्या की टक्सचं, म्हणजे छातीला आकार देणाऱ्या शिवणीचं, टोक सरकतं आणि छातीवर चुणी पडते. म्हणून ट्रायलला लग्नात घालणार तीच ब्रा घाला, हात वर करून, वाकून बघा. घागऱ्याची उंची कॅनकॅन (आतला फुगीर जाळीचा थर) लावून, त्याच दिवशीच्या सँडलवर मोजा.

उपाशी मात्र राहू नका, कळकळीने सांगते. मे मधलं आपलं ऊन ४४-४५ अंशांना टेकतं, रिकाम्या पोटी हळदीतच चक्कर येईल. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, कमी तेलातलं भरीत, मूग, ताक खुशाल घ्या. केळवणाला वरण-बट्टी असेल तर एकच बट्टी, वरून तूप नको. आदल्या दिवशी शेवभाजी टाळा. जास्त मिठाने अंगात पाणी धरतं, मग कंबरेचा हुक लागत नाही.