रेंज फुल, नेट गुल

कॉलेजच्या संगणक विभागात मी सव्वीस वर्षं काढली. सुरुवातीची बरीचशी शिडीवर गेली, छतातून वायरी ओढण्यात. नंतरची वर्षं मदत कक्षातल्या खुर्चीत, ‘नेट चालत नाही’ हे एकच वाक्य ऐकत. या वाक्याची गंमत अशी, की ते कधीच खोटं नसतं आणि त्यातून काहीच कळत नाही. या वेळची पत्रं त्याच जातीची आहेत.

हॉस्टेलवर वायफायची रेंज फुल दाखवते, पण रात्री नऊनंतर व्हिडिओ गोल गोल फिरत राहतो. पहाटे सुसाट चालतं. तक्रार केली की ‘आमच्याकडे सगळं ठीक दिसतंय’ असं उत्तर येतं. स्वतःचा राउटर आणून भिंतीतल्या पॉइंटला लावला तर चालेल का?
(दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी)

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: नको. का, ते पुढे सांगतो.

फोनवरच्या काड्या एवढंच सांगतात की छताला लावलेल्या, वायफाय सोडणाऱ्या डब्याचा आवाज तुझ्या फोनला किती खणखणीत ऐकू येतोय. त्या डब्याला तुझं ऐकायला फुरसत आहे का, हे काड्यांना ठाऊक नसतं. वायफायमध्ये एका चॅनेलवर, म्हणजे रेडिओच्या एका पट्टीवर, एका वेळी एकानेच बोलायचं असतं. बाकीच्यांनी आधी कानोसा घ्यायचा, शांतता दिसली की थोडं थांबायचं आणि मग तोंड उघडायचं. किती थांबायचं हे प्रत्येक उपकरण चिठ्ठी काढल्यासारखं ठरवतं, म्हणजे दोघं सहसा एकदम सुरू होत नाहीत.

या युक्तीचं मूळ एका विद्यापीठातच आहे. १९७१ साली अमेरिकेतल्या हवाई बेटांवरच्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटाबेटांवरची यंत्रं रेडिओने मुख्य संगणकाला जोडली. त्या जाळ्याचं नाव अलोहानेट. तिथे कानोसा वगैरे काही नव्हतं. बोलायचं, टक्कर झाली तर थोडं थांबून पुन्हा बोलायचं. हिशेब केला तर अशा पद्धतीत फार तर अठरा टक्के वेळ सत्कारणी लागतो. आजचं वायफाय पुष्कळ शहाणं झालं आहे, पण गर्दी वाढली की वाट बघण्यातच वेळ जातो, हे तसंच राहिलं. त्यात कोपऱ्यातल्या खोलीतला कुणाचा तरी जुना फोन अगदी संथ बोलतो, आणि तो बोलत असेपर्यंत बाकी सगळे ताटकळतात.

आता राउटर. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल सर्वसाधारणपणे तीनच धरतात: १, ६ आणि ११. विभागाने ते मजल्यावरच्या डब्यांना आखून वाटलेले असतात. तू मध्येच चौथा आणलास की तो कुणाच्या तरी डोक्यावर बसणार. तुझी खोली कदाचित सुखी होईल, शेजारच्या चार नाही.

पण हे झालं किरकोळ. एकदा अख्ख्या मजल्याचं नेट गेलं. स्विच (मजल्यावरच्या सगळ्या नेटच्या वायरी जिथे येऊन जोडतात ती पेटी) तपासला, वायर तपासली, सगळं ठणठणीत. मग एकाच्या लॅपटॉपवर आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कने त्याला दिलेला क्रमांक, पाहिला: १९२.१६८ ने सुरू होणारा. आम्ही तसले पत्ते तिथे वाटतच नव्हतो. कुणीतरी घरचा राउटर आणून उलटा लावला होता, म्हणजे भिंतीतून आलेली वायर त्याच्या बाहेरच्या तोंडाला न जोडता आतल्या चारपैकी एका तोंडाला. त्यामुळे मजल्यावर जो कुणी ‘मला पत्ता द्या’ म्हणून हाक मारी, त्याला आमच्या सर्व्हरच्या आधी हा राउटर तत्परतेने पत्ता देई आणि ‘बाहेर जायचा रस्ता माझ्याकडून’ असंही सांगे. रस्ता अर्थातच नव्हता. एकेक खोली हुडकायला दोन दिवस लागले. राउटरचा मालक मात्र खुशीत होता, कारण त्याने तो लावून कंटाळून सोडून दिला होता आणि स्वतः फोनच्या डेटावर बसला होता. एक कबुली देऊन टाकतो: असले परके पत्ते अडवण्याची सोय आमच्या स्विचमध्ये होती. आम्ही ती सुरूच केली नव्हती.

तेव्हा तू असं कर. रात्री दहाला लॅपटॉप वायरने जोडून वेग मोज, लगेच वायफायवर मोज. वायरवर नीट आणि वायफायवर रडत असेल तर दोष हवेतला; डबे वाढवा किंवा ५ गिगाहर्ट्झवर ढकला, असं सांग. वायरवरही रडत असेल तर बहुधा हॉस्टेलबाहेर जाणारी लाइनच तुंबली आहे, तिथे डबे वाढवणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तक्रारीत वेळ, खोली आणि हे दोन आकडे लिही. ‘सगळं ठीक दिसतंय’ म्हणणारा खोटं बोलत नाही. तो सकाळी अकरा वाजता बघतो.

नियमानुसार कॅम्पसच्या वायफायवर दोन उपकरणं नोंदवता येतात. माझ्याकडे एक फोन आणि एक लॅपटॉप. तरी ‘मर्यादा संपली’ असं येतं.
(एम.एस्सी.ची विद्यार्थिनी)

तुझा फोन सोंगं घेतोय. प्रत्येक उपकरणाला कारखान्यातून मिळालेला एक मॅक पत्ता असतो. त्यावरून माणसाचा माग काढता येतो म्हणून अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून फोन प्रत्येक वायफायला वेगळा, बनावट पत्ता दाखवतात. ग्रंथालयात एका नावाचं वायफाय आणि वर्गात दुसऱ्या नावाचं असेल, तर एकच फोन दोनदा मोजला जातो. सेटिंगमध्ये त्या-त्या नेटवर्कच्या नावावर जाऊन हा खाजगी पत्ता फक्त कॅम्पसपुरता बंद कर आणि जुन्या नोंदी काढून टाकायला सांग. बाहेर सगळीकडे तो सुरूच राहू दे, चांगली सोय आहे.

परिषदेसाठी परदेशातल्या विद्यापीठात गेले होते. तिथे ‘एज्युरोम’ हे विद्यापीठांचं सामायिक वायफाय दिसलं, पासवर्डही बरोबर होता, पण शेवटपर्यंत जोडलं गेलं नाही. तिथल्या मदत कक्षाने ‘तुमच्या संस्थेला विचारा’ म्हणून हात झटकले.
(एक प्राध्यापिका)

बाई, त्यांनी हात झटकले नाहीत, खरं तेच सांगितलं. एज्युरोमची कल्पना २००२ साली नेदरलँड्समध्ये क्लास विरेंगा यांनी मांडली, आणि आज ते शंभराहून जास्त देशांत आहे. त्यातली खुबी अशी, की यजमान विद्यापीठ तुमचा पासवर्ड तपासतच नाही. तुमच्या नावातला @ च्या पुढचा भाग वाचून ते चौकशी तुमच्या कॉलेजकडे पाठवतं. कॉलेजने ‘आमच्याच आहेत’ म्हटलं की तिथलं दार उघडतं. तुम्ही नुसतं नाव टाकलं असेल, @ आणि पुढचं सोडून, तर चौकशी पाठवायची कुठे हेच त्यांना कळत नाही. दहातल्या सात तक्रारी मी याच पाहिल्या आहेत.

पुढच्या वेळी निघण्याच्या आधी आपल्याच कॅम्पसवर एकदा जोडून बघा. जोडताना फोन प्रमाणपत्र दाखवून ‘विश्वास ठेवायचा का?’ विचारतो. घाईत ‘हो’ म्हणू नका. एज्युरोम या नावाचा डबा कुणीही, कुठेही उभा करू शकतो. समोर खरंच आपलं कॉलेज आहे का, हे फोन त्या प्रमाणपत्रावरूनच ओळखतो. आपल्या संगणक विभागाकडे यासाठी सेटिंगची तयार फाइल मिळते, ती एकदा बसवली की हा प्रश्न फोन पुन्हा विचारत नाही.

पूर्वी लाइट गेली तरी टेबलावरचा फोन चालायचा. नवीन बसवले, तेव्हापासून लाइट गेली की फोनही मुका होतो. ही प्रगती म्हणायची का?
(कार्यालयीन कर्मचारी)

टोमणा रास्त आहे. जुन्या फोनला लागणारी वीज एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांतून, साधारण ४८ व्होल्टने, त्याच तांब्याच्या तारेतून यायची. तुमच्या इमारतीतल्या अंधाराशी तिला देणंघेणं नव्हतं. नवा फोन हा एक लहानसा संगणक आहे. तो नेटवर्कच्या वायरीतूनच वीज घेतो, आणि ती देतो मजल्यावरच्या कपाटातला स्विच. स्विच झोपला की फोन झोपला. म्हणून विचारायचं ते हे: आमच्या मजल्याचा स्विच यूपीएसवर आहे का, आणि बॅटरी किती मिनिटं टिकते? उत्तर लेखी घ्या. तोंडी ‘आहे, आहे’ मीही फार वेळा म्हटलं आहे.

आणखी एक, न विचारलेलं. हा फोन उचलून दुसऱ्या खोलीत लावला तरी नंबर तोच राहतो. सोयीचं आहे, पण बऱ्याच ठिकाणी नोंदवहीत खोली जुनीच असते. रात्री कुणी चक्कर येऊन पडलं आणि त्या फोनवरून सुरक्षा कक्षाला हाक मारली, तर माणसं धावत जातील ती जुन्या खोलीकडे. फोन हलवलात त्याच दिवशी कळवा, आणि फोनवर बोलताना खोलीचा नंबर आधी सांगा.

पदवीनंतर कॉलेजचा मेल किती दिवस राहतो?
(शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी)

प्रत्येक संस्थेचा नियम वेगळा. कुठे लगेच बंद करतात, कुठे काही महिने देतात. काही वर्षांपूर्वी साठवणुकीवर मर्यादा नव्हती, तेव्हा कुणी घाई करत नसे. २०२२ पासून गूगलने प्रत्येक शिक्षणसंस्थेला तिच्या सगळ्या खात्यांची मिळून १०० टेराबाइटची मूळ मर्यादा घातली, तेव्हापासून गूगलची ही सेवा वापरणाऱ्या कॉलेजांना जुनी खाती जड होऊ लागली.

तू मेल आणि फायली उतरवून घेशीलच. ते सगळ्यांना सुचतं. सुचत नाही ते हे, की गेल्या चार वर्षांत कुठे-कुठे याच मेलने खातं उघडलंस. पासवर्ड विसरलास तर नवा कुठे येणार? या बंद खात्यावर. म्हणून इनबॉक्समध्ये ‘वेलकम’ आणि ‘व्हेरिफाय’ हे दोन शब्द शोध, जी नावं निघतील तिथे एकेक करून पत्ता बदल. आणि नोकरीच्या अर्जात हा मेल दिला असशील तर सुरुवात तिथूनच कर. मुलाखतीचं बोलावणं बंद खात्यावर गेलेली दोन मुलं माझ्याकडे येऊन बसली होती, आणि खातं पुन्हा उघडायचा अधिकार माझ्याकडे नव्हता.