वाचकांचे प्रश्न : कुकीज काढाव्यात, पण सरसकट नकोत

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. एका ओळखीच्या मुलाने सांगितल्यावरून मी दर आठवड्याला संगणकाच्या ब्राउझरमधील सगळ्या कुकीज काढून टाकते. त्यानंतर ईमेल, ई-पेपर, पुस्तके मागवण्याचे संकेतस्थळ, सगळीकडे पुन्हा पासवर्ड द्यावा लागतो आणि ओटीपीसाठी मोबाइल घेऊन अंगणात जावे लागते, कारण घरात रेंज मिळत नाही. खाजगीपण राखायचे तर हा त्रास सोसावाच लागतो का?
— एक वाचक, साखळी

उत्तर : सोसावा लागत नाही. आपल्याला मिळालेला सल्ला चुकीचा नाही, अर्धवट आहे. कुकीज काढायच्या असतात हे खरे. परंतु कोणाच्या काढायच्या आणि कोणाच्या राखायच्या हे ब्राउझरला एकदा नीट सांगून ठेवले की पुढचे काम तो स्वतःच करतो आणि आपल्याला दर आठवड्याला साफसफाई करावी लागत नाही.

संकेतस्थळाला मुळात ओळख लक्षात ठेवता येत नाही. आपण त्याचे एक पान उघडले आणि मग दुसरे उघडले, तर दोन्ही वेळा आलेली व्यक्ती एकच आहे हे त्याला आपोआप कळत नाही. १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली यांनी यावर तोड काढली : संकेतस्थळाने एक छोटीशी नोंद ब्राउझरकडे ठेवायला द्यायची आणि त्याच संकेतस्थळाकडे पुन्हा जाताना ब्राउझरने ती दाखवायची. ही नोंद म्हणजेच कुकी. लॉग-इनच्या कुकीमध्ये सहसा आपला पासवर्ड नसतो, एक लांबलचक, इतरांना निरर्थक वाटेल असा क्रमांक असतो. जत्रेच्या दिवशी देवळाबाहेर चपला ठेवल्यावर हाती मिळणाऱ्या बिल्ल्यासारखा तो असतो. बिल्ला हरवला तर चपला जात नाहीत, पण त्या आपल्याच आहेत हे पुन्हा पटवून द्यावे लागते. आपण दर आठवड्याला सगळे बिल्ले फेकून देता, म्हणून दर आठवड्याला पासवर्ड आणि ओटीपीचे सोपस्कार करावे लागतात.

यात खाजगीपणाला धोका कोठे येतो? आपण ई-पेपर उघडता तेव्हा त्या पानावरच्या जाहिराती, 'लाइक'ची बटणे, वाचकसंख्या मोजणारे तुकडे हे बहुधा त्या वृत्तपत्राचे नसतात, दुसऱ्याच कंपन्यांच्या संगणकांवरून आलेले असतात, आणि त्यांनाही आपापली कुकी ठेवता येते. तीच जाहिरात कंपनी पाककृतींच्या संकेतस्थळावर असते, औषधांच्या दुकानाच्या संकेतस्थळावर असते, म्हणून तिला आपण या तिन्ही ठिकाणी जाऊन आलो हे जुळवता येते. या परक्या कुकीजना 'थर्ड-पार्टी' कुकीज म्हणतात. ई-पेपरने स्वतः ठेवलेली कुकी आपल्याला आत घेते, तर परकी कुकी आपला माग काढते. लॉग-इन टिकवण्यासाठी बहुतेक ठिकाणी परक्या कुकीजची गरज नसते, आणि म्हणूनच या दोन्ही गोष्टी एकत्र साधता येतात.

पहिले काम परक्या कुकीज थांबवण्याचे. सफारी ब्राउझरने त्या २०२० पासून पूर्णपणे अडवल्या आहेत. फायरफॉक्समध्ये २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकीज वेगळ्या कप्प्यात ठेवल्या जातात, त्यामुळे एकाच जाहिरात कंपनीला दोन संकेतस्थळांवरील हालचाल जुळवता येत नाही. तेथे काही करण्याची आवश्यकता नाही. क्रोममध्ये मात्र आपल्यालाच हात घालावा लागतो. परक्या कुकीज बंद करू, असे गूगलने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केले, मुदत वारंवार पुढे ढकलली, जुलै २०२४ मध्ये तो बेतच सोडून दिला आणि एप्रिल २०२५ मध्ये वापरकर्त्यांना त्याबद्दल वेगळे विचारणारही नाही असे सांगितले. जिचे उत्पन्न मुख्यतः जाहिरातींवर चालते त्या कंपनीकडून यापेक्षा वेगळी अपेक्षा करण्यात फारसा अर्थ नव्हता. तेव्हा क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', त्यात 'थर्ड-पार्टी कुकीज' येथे जाऊन त्या अडवण्याचा पर्याय आपणच निवडावा. क्वचित एखाद्या ठिकाणी पैसे भरण्याचे किंवा दुसऱ्या खात्याने लॉग-इन करण्याचे पान यामुळे अडते. अशा वेळी सगळी सेटिंग पुन्हा सैल न करता केवळ त्या एका संकेतस्थळाला सूट द्यावी.

दुसरे काम म्हणजे ब्राउझर बंद होताना मोजकी संकेतस्थळे वगळून बाकी सगळ्यांच्या कुकीज आपोआप पुसल्या जातील अशी व्यवस्था. फायरफॉक्समध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'खाली 'कुकीज अँड साइट डेटा' हा भाग आहे. तेथे फायरफॉक्स बंद होताना कुकीज काढून टाकण्याच्या चौकटीत खूण करावी, मग शेजारचे 'मॅनेज एक्सेप्शन्स' उघडून आपल्या संकेतस्थळाचा पत्ता लिहावा, 'अलाउ' दाबावे आणि शेवटी बदल जतन करण्यास विसरू नये. क्रोममध्ये हीच सोय 'साइट सेटिंग्ज'च्या अगदी तळाशी, 'अॅडिशनल कंटेंट सेटिंग्ज'मधील 'ऑन-डिव्हाइस साइट डेटा' या नावाखाली दडलेली आहे. सगळ्या खिडक्या बंद केल्यावर माहिती पुसण्याचा पर्याय तेथे निवडावा आणि खालच्या, माहिती ठेवण्याची मुभा असलेल्या संकेतस्थळांच्या यादीत आपले पत्ते भरावेत. पत्त्याच्या आधी चौकटी कंसात ताराचिन्ह आणि टिंब घातले की त्या संकेतस्थळाचे सगळे उपविभागही मुभेत येतात.

येथे अनेकांची फसगत होते. यादीत ईमेलचा पत्ता घालूनही दुसऱ्या दिवशी पासवर्ड विचारला जातो आणि सेटिंग चालत नाही असा समज होतो. मोठ्या सेवांमध्ये टपाल एका पत्त्यावर आणि लॉग-इनची नोंद दुसऱ्याच पत्त्यावर असते. जीमेलचेच पाहा : पत्र वाचताना वर 'मेल.गूगल.कॉम' दिसते, परंतु पासवर्ड विचारणारे पान 'अकाउंट्स.गूगल.कॉम' या पत्त्यावर असते, आणि यादीत दोन्ही हवेत. उपाय सोपा आहे : पासवर्ड विचारला जाताना वरच्या पट्टीत जो पत्ता दिसतो तो टिपून घ्यावा आणि तोही यादीत घालावा. ओटीपी पुन्हा न विचारण्यासाठी 'या संगणकावर विश्वास ठेवा' अशी जी खूण आपण करतो तीदेखील कुकीतच नोंदवलेली असते, म्हणून यादी बरोबर भरली की आपले अंगणात जाणेही बरेच कमी होईल.

याच्या उलट तक्रारही येते. सगळे नीट केले, तरी कुकीज पुसल्याच जात नाहीत. क्रोम सुरू होताना मागची पाने जशीच्या तशी उघडण्याचा पर्याय निवडलेला असेल, तर एरवी बंद होताना जाणाऱ्या तात्पुरत्या कुकीजही परत येतात. क्रोम बंद केल्यावरही पार्श्वभूमीवर चालू राहण्याची मुभा दिलेली असल्यास ती काढून टाकावी.

यादी आखूड ठेवावी. रोज उघडतो तेवढीच संकेतस्थळे त्यात असावीत; कधीतरी एकदा खरेदी केलेल्या दुकानाला तेथे जागा देण्याचे कारण नाही.

प्रश्न : कुकीज पुसल्या तर ब्राउझरने लक्षात ठेवलेले पासवर्डही जातात का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : नाही, ते वेगळ्या जागी असतात. मात्र ब्राउझरची माहिती पुसण्याच्या क्रोममधील खिडकीत कुकीजसोबत पासवर्डसाठीही वेगळी चौकट असू शकते. घाईत तिच्यावर खूण केली, तर पासवर्ड जातात.

प्रश्न : चवथीच्या आधी मी मिक्सर शोधला आणि त्यानंतर जेथे जाईन तेथे मिक्सरच्याच जाहिराती दिसू लागल्या. आपल्या पूर्वीच्या उत्तरांनुसार परक्या कुकीज बंद केल्या, तरी काही ठिकाणी त्या जाहिराती दिसतातच. असे का होते?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : कारण आपण तेथे लॉग-इन आहात. लॉग-इन टिकवायचे आणि त्याच सेवेपासून लपूनही राहायचे, हे कोणत्याही सेटिंगने जमणार नाही, आणि ते जमते असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. आपल्या गूगल खात्यातून शोध घेतला, तर तो शोध खात्यातच नोंदला जातो. तेथे कुकी अडवून उपयोग नाही. त्या नोंदी खात्याच्या 'डेटा अँड प्रायव्हसी' विभागात 'वेब अँड अॅप अॅक्टिव्हिटी' बंद करून थांबवता येतात आणि जुन्या नोंदी पुसता येतात. त्यामुळे लॉग-इन जात नाही.

लॉग-इन असलेली सेवा इतरत्रच्या आपल्या फिरण्यात डोकावू नये, यासाठी फायरफॉक्सचे 'मल्टी-अकाउंट कंटेनर्स' हे विस्तार-साधन मला सर्वांत उपयोगी वाटते. एका रंगाच्या टॅबमध्ये फेसबुक, दुसऱ्या रंगाच्या टॅबमध्ये कार्यालयाचा ईमेल, आणि बाहेरचे सगळे शोध साध्या टॅबमध्ये, अशी विभागणी त्यात करता येते. प्रत्येक रंगाच्या कुकीज त्या रंगापुरत्याच राहतात आणि लॉग-इन कायम असते. क्रोम वापरणाऱ्यांनी त्यासाठी दोन निराळी प्रोफाइल, म्हणजे एकाच ब्राउझरमधील स्वतंत्र कप्पे, करावीत. ते थोडे अवजड आहे, परंतु चालते.

मोबाइलचा प्रश्न निराळा आहे. तेथे मिक्सर जर दुकानाच्या अॅपमध्ये शोधला असेल, तर ब्राउझरच्या कुकीजचा त्याच्याशी संबंध नाही. अँड्रॉइडवर जाहिरातींसाठी फोनला दिलेली एक ओळख असते. बहुतेक फोनवर सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी' आणि त्यात 'अॅड्स' येथे जाऊन ती काढून टाकता येते.

प्रश्न : माझा मुलगा पोर्तुगालमध्ये असतो. तेथील संकेतस्थळे उघडली की प्रत्येक वेळी कुकीजची परवानगी मागतात, येथली बहुतेक मागत नाहीत. परवानगी नाकारली तर लॉग-इन होता येईल का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : होता येईल. युरोपीय संघाच्या नियमांनुसार सेवेसाठी अत्यावश्यक असलेल्या कुकीजना संमतीची गरज नसते आणि लॉग-इनची कुकी त्यांतच मोडते. संमती मागितली जाते ती बाकीच्या कुकीजसाठी, म्हणून निःसंकोच नकार द्यावा. परवानगी मागण्याची ही पद्धत २००९ मध्ये सुधारलेल्या निर्देशामुळे रूढ झाली आणि २०१८ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कडक नियम लागू झाल्यावर सर्वत्र पसरली. भारताने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत केला आहे, पण त्यात कुकीजसाठी अशी स्वतंत्र तरतूद नाही.

यात एक गंमत आहे. आपण दिलेला नकारही कुकीतच लिहून ठेवलेला असतो. ती पुसली की संकेतस्थळ पुन्हा विचारणार. रोज वाचण्याचे वृत्तपत्र असेल, तर त्याला वर सांगितलेल्या यादीत घालावे.

प्रश्न : बँकेचे संकेतस्थळ थोड्याच वेळात बाहेर काढते. ते यादीत घातले तर लॉग-इन टिकेल का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : टिकणार नाही, आणि टिकवण्याच्या खटपटीतही पडू नये. ते बँकेच्या संगणकावरून मुद्दाम तोडले जाते.

प्रश्न : पेडणे तालुक्यात आमचे लहानसे होमस्टे आहे. मोपा विमानतळावर निघण्यापूर्वी पाहुण्यांना बोर्डिंग पास छापून हवा असतो आणि ते आमच्याच संगणकावर आपला ईमेल उघडतात. त्याच संगणकावर आमचे बुकिंगचे संकेतस्थळ आणि परदेशी पाहुण्यांची नोंद करण्याचे सरकारी संकेतस्थळ सतत उघडे असते. काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : आज पाहुणा आपल्या ब्राउझरमध्ये बसतो तेव्हा आपली सगळी लॉग-इन त्याच्या हाताशी असतात, आणि तो बाहेर पडायला विसरला तर त्याचा ईमेल आपल्या हाताशी राहतो. पाहुण्यांसाठी क्रोममध्ये वर उजवीकडील प्रोफाइलच्या चित्रावर टिचकी मारून 'गेस्ट' खिडकी उघडून द्यावी. तिला आपल्या कुकीज दिसत नाहीत आणि ती बंद झाली की पाहुण्याच्या कुकीजही पुसल्या जातात. खिडकी बंद करणे मात्र आपण स्वतः पाहावे. 'इनकॉग्निटो' खिडकीऐवजी हीच वापरावी, कारण इनकॉग्निटोत आपले बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड हाताशी राहतात.

एखादा पाहुणा नेहमीच्या खिडकीतच ईमेल उघडून निघून गेल्याचे नंतर आढळले, तर नुसती कुकी पुसण्याऐवजी आधी त्याच्या खात्यातून रीतसर 'साइन आउट' करावे. कुकी पुसल्याने ती फक्त आपल्या संगणकावरून जाते. कुकीतला लॉग-इनचा क्रमांक त्या सेवेच्या बाजूला मुदत संपेपर्यंत वैध राहू शकतो, आणि संगणकात शिरलेल्या एखाद्या घातक प्रोग्रामने तो आधीच चोरलेला असेल, तर चोराला पासवर्ड आणि ओटीपी यांपैकी कशाचीही गरज पडत नाही. साइन आउट केल्यावर बहुतेक सेवा तो क्रमांक रद्द करतात. पाहुणा संपर्कात असेल, तर त्याला स्वतःच्या फोनवरून खाते उघडून इतर सर्व उपकरणांवरील लॉग-इन बंद करण्यास सांगावे.

गेस्ट खिडकीतून उतरवलेल्या फाइली मात्र संगणकावरच राहतात. बोर्डिंग पास आणि पासपोर्टच्या प्रती 'डाउनलोड्स'मध्ये साचत जातात. पाहुणा गेल्यावर त्या तेथून आणि रिसायकल बिनमधूनही काढून टाकाव्यात.